स्वतःविरुद्ध अर्ज

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, जळगावातले एक मोटार मिस्तरी आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आले. पाच वर्षांपूर्वी आपण वाचकांना दिलेला सल्ला चुकीचा होता, तशी दुरुस्ती छापावी, असा लेखी अर्ज त्यांनी दिला. दुरुस्ती छापली गेली नाही.

अर्ज दुरेघी वहीच्या पानावर होता, शाळेत शिकवतात त्या पद्धतीचा. प्रति, विषय, महोदय. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं : ‘मी दिलेल्या सल्ल्यातील माझी चूक छापून मिळणेबाबत.’ ‘माझी’ या शब्दाखाली रेघ होती.

त्या टेबलावर रोज अर्ज येतात. गटार तुंबलं, दिवे बंद आहेत, शेजाऱ्यानं भिंत पुढे घेतली. प्रत्येक अर्जात चूक दुसऱ्याची असते. उपसंपादकानं हा अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, “नाना, तक्रार नेमकी कुणाविरुद्ध आहे?”

“माझ्याविरुद्ध.”

“तसं सदर नाही हो आपल्याकडे.”

“मग सुरू करा. मी पहिला.”

उपसंपादक हसला. नाना हसले नाहीत.

मी त्यांना त्याआधी वीसेक वर्षं ओळखत होतो. अजिंठा चौफुलीपासून आत वळलं की पत्र्याच्या शेडची जी रांग लागते, तिच्या टोकाला त्यांचं गॅरेज होतं. गाव मूळचं पारोळ्याकडचं. गिऱ्हाईक साहेब असेल तर शहरी मराठी बोलायचे. आमच्यासारख्या अमळनेर-पारोळ्याकडच्या माणसाशी, किंवा राग आला की, अहिराणी. अंगठ्याच्या नखात कायमची काळी रेघ, आणि कॉलरच्या आत घडी केलेला पांढरा स्वच्छ रुमाल. त्या रुमालाला हात पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. तो नाकासाठी होता.

बंद पडलेली गाडी घेऊन तुम्ही कधी मिस्तरीकडे गेला असाल, तर पहिला प्रश्न तुम्हाला ठाऊक आहे : काय झालं? नाना तो विचारत नसत. ते विचारत, “कवापासून उभी शे?”

मालक चावी फिरवून दाखवायला गेला की हात आडवा करून म्हणत, “चावी खिसामा ठेवा.” मग रुमालानं नाक पुसायचं, टाकीचं झाकण काढायचं, आणि डोळे मिटून वास घ्यायचा. त्यानंतर बारीक नळीनं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायचं आणि ती बाटली उन्हात धरून गप्प उभं राहायचं. बाटली सरबताची होती. त्या वेळात कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. हौशी मालक मोबाइलवर बोलत बोलत जवळ आला तर ते बाटली खाली करायचे, फोन संपेपर्यंत थांबायचे, आणि पुन्हा वर धरायचे.

गाडी किती दिवस उभी होती याबाबत लोक खोटं बोलतात, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. डॉक्टरला पथ्याबद्दल सांगतात तसं. एका वकिलांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, “आठ-दहा दिवस असेल, नाना.” नानांनी बॉनेट उघडलं. आत, बॅटरीच्या कडेला, शेंगांची टरफलं, सुतळीचे तुकडे आणि गुलाबी कातडीची पाच पिल्लं.

“वकीलसाहेब,” नाना म्हणाले, “आठ दिवसांत उंदरीण बाळंत होत नाही. आणि हिचं हे पहिलं बाळंतपण नाही.”

“असेल मग महिना.”

“टाकी वेगळं सांगते. दिवाळीआधीची आहे.”

वकील गप्प बसले. माझ्या माहितीत कोर्टाबाहेर ते एवढंच एकदा.

जुन्या पेट्रोलला नानांचा एकच शब्द होता : आंबलं. खराब झालं, शिळं झालं, असं ते म्हणत नसत. “पेट्रोल आंबी गयं.” आणि त्याला जोडून, कुणी हसलं की : “ताक आंबलं तर कढी व्हस. पेट्रोल आंबलं तर काय व्हस? भंगार.”

हे कसं घडतं, ते त्यांनी मला एकदा उलट्या टोपलीवर बसवून समजावलं होतं. पूर्वीचं पेट्रोल नुसतं उडायचं. त्यातला हलका भाग उन्हाळ्यात निघून जायचा, उरलेलं चिकट व्हायचं, पण गाडी कुरकुरत का होईना चालायची. आता त्यात इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हात टेकवत नाही आणि जुलैत भिंतीला ओल येते. गाडी तिथेच उभी असते. टाकी दिवसा तापते, फुंकर सोडते. पहाटे निवते, बाहेरची हवा आत घेते. त्या हवेबरोबर पाणी येतं. थोडं असेल तोवर पेट्रोल ते पोटात ठेवतं. जास्त झालं की इथेनॉल पाण्याला घेऊन खाली बसतं, आणि पेट्रोल वर राहतं. पंप तळाशी असतो. तो तळातलंच ओढतो. मग पत्रा गंजतो, रबर फुगतं, पंप बसतो.

“गाडी उभी शे म्हनजे झोपेल नही शे,” ते म्हणाले होते. “सडी ऱ्हायनी.”

पहिलं लॉकडाऊन लागलं तेव्हा मी शहर पानाचं काम पाहत होतो. सगळ्यांच्या गाड्या दारात उभ्या होत्या आणि पान भरायला बातम्या नव्हत्या. मी नानांना फोन केला, दहा मिनिटं बोललो आणि ‘गाडी बंद ठेवताना’ अशा मथळ्याचा मजकूर लिहिला. पोटात मुख्य सल्ला : टाकी पूर्ण भरून ठेवा, म्हणजे आत हवा राहणार नाही आणि गंज चढणार नाही. झाकण घट्ट लावा. गाडीवर कव्हर घाला. खाली नानांचं नाव आणि फोटो. फोटोत तो रुमाल दिसतो.

मजकूर चालला. लोकांनी त्याचा फोटो काढून एकमेकांना पाठवला. लॉकडाऊन संपलं तरी तो फिरत राहिला. दर उन्हाळ्यात, पोरांकडे पुण्याला किंवा परदेशात जाणाऱ्यांच्या ग्रुपवर तो हटकून यायचा. नानांनी कात्रणाला प्लॅस्टिक चढवून ते गॅरेजच्या भिंतीवर, देवाच्या फोटोच्या बरोबर खाली लावलं होतं. दरम्यान पेट्रोलमधलं इथेनॉल वाढत गेलं. पंपांवर वीस टक्क्यांची पाटी लागली.

धुळ्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका ते कात्रण गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवून मुलीच्या बाळंतपणाला परदेशात गेल्या. सोबत पती. त्यांचा उजवा पाय आधीपासून अधू. तीन महिन्यांसाठी गेलेली मंडळी चौदा महिन्यांनी परतली. गाडीची टाकी कात्रणात सांगितल्याप्रमाणे काठोकाठ भरलेली होती.

परतल्यावर आठवड्याभरात पतीला जळगावच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. शेजारचा ड्रायव्हर आला, नवी बॅटरी लावली, चावी फिरवली. गाडी खोकली, पण निघाली. धुळ्याबाहेर, फागणे गावाच्या थोडं पुढे बंद पडली ती पडलीच. मे महिन्याची दुपार होती. दुसरी गाडी मिळेपर्यंत बाईंचे पती दोन तास रस्त्याकडेला बाभळीच्या सावलीत बसून होते. मे महिन्यात बाभळीला सावली नसते. त्यांना धुळ्यातच दवाखान्यात भरती करावं लागलं. ते वाचले. धड होता तो पायही गेला; ते त्यानंतर उभे राहिलेले नाहीत.

बाईंनी नानांना फोन केला. फोनवर त्या चिडल्या नव्हत्या, असं नानांनी मला सांगितलं, आणि तेच त्यांना झेपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते बसनं धुळ्याला गेले. गाडी ओढून घराच्या अंगणात आणून ठेवलेली होती. त्यांनी वास घेतला. बाटलीत नमुना काढून उन्हात धरला. वरचा थर पिवळट. खालचा गढूळ, तांबूस. पंप काढला तर त्याच्या जाळीवर गंजाचा चिखल होता, आणि रबरी कडी रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगली होती.

पुढचं बोलणं मला बाईंनी सांगितलं. त्या आतून फाइल घेऊन आल्या आणि कात्रण नानांसमोर धरलं.

“नाना, मी तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही. टाकी फुल केली. झाकण घट्ट लावलं. कव्हर घातलं. पुढे काय लिहिलंय?”

“पुढे काही नाही, बाई.”

“तेच म्हणते मी. किती दिवस, ते लिहिलेलं नाही. मुदत न घालता सूचना दिली की मुलं काय करतात, ते मी जन्मभर पाहिलंय.”

“हो, बाई.”

“मी तुम्हाला बोलत नाहीये. मजकुराला बोलतेय.”

“मजकुराखाली नाव माझं आहे,” नाना म्हणाले.

तो सोमवार होता. मंगळवारी सकाळी अकराला ते आमच्या कचेरीत होते.

उपसंपादकानं अर्ज शहर संपादकांकडे पाठवला. संपादकांनी नानांना केबिनमध्ये बोलावलं, मलाही. चहा सांगितला. विषय त्यांना लगेच कळला होता. फक्त वेगळा कळला होता.

“नाना, ही मोठी बातमी आहे,” ते म्हणाले. “पण अशी नाही. तुम्ही म्हणा की या नव्या पेट्रोलनं गाड्या मरताहेत. मी पहिल्या पानावर घेतो. तुमचा फोटो, बाटलीसकट.”

“मी पेट्रोलची तक्रार घेऊन नाही आलो, साहेब.”

“अहो, पण चूक पेट्रोलचीच ना?”

“पेट्रोल बदललं, ते मला माहीत होतं. पंपावर पाटी लावली होती, मी वाचली होती. चालती गाडी आजही त्याच पेट्रोलवर चालते. माझा सल्ला तेवढा जुना राहिला.” मग आवाज चढला आणि भाषा बदलली : “मी पेट्रोलनी तक्रार करी नही ऱ्हायनू, साहेब. मी मन्ही तक्रार करी ऱ्हायनू.”

संपादक विदर्भातले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं. ते म्हणाले, “पाच वर्षांपूर्वीच्या मजकुराचा खुलासा कोण छापतं? लोक विसरले.”

“लोक विसरले नाहीत. सुट्टी लागली आहे. आता परत फिरेल ते. परत टाक्या भरतील.”

“बघतो,” संपादक म्हणाले. वर्तमानपत्राच्या कचेरीत या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. नानांना तो ठाऊक नव्हता. त्यांनी विचारलं, “उद्या का परवा?”

छापायचा मजकूर त्यांनी अर्जाच्या मागच्या बाजूला लिहून आणला होता. दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरू नये. जाण्याआधी पेट्रोल संपवत आणावं, उरलेलं मिस्तरीकडून काढून घ्यावं. परत आल्यावर आधी चावी फिरवू नये. बाटलीत काढून उन्हात बघावं. याआधीचा माझा सल्ला पाळू नये. खाली सही. सगळं मिळून सात ओळींचं काम होतं.

त्या संध्याकाळी मी घरी जुन्या वह्या काढल्या. बातमीदारानं टिपणवह्या फेकू नयेत, असं आम्हाला शिकवलेलं असतं. लॉकडाऊनच्या वर्षाची वही सापडली. नानांशी झालेल्या बोलण्याचं टिपण अर्ध्या पानाचं आहे. त्यातल्या चार ओळी अशा : ‘टाकी फुल. हवा नको. दोन महिने, पुढे नाही. पुढे असेल तर काढून टाका.’

पहिल्या दोन ओळी छापलेल्या मजकुरात आहेत. पुढच्या दोन नाहीत. त्या दिवशी पानावर उशिरा एक जाहिरात आली होती आणि मजकूर कमी करावा लागला होता. कमी करणारा मीच होतो. लॉकडाऊन दोन महिन्यांच्या वर जाईल असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं. मला अनावश्यक वाटलेल्या ओळी त्या होत्या.

दोन दिवसांनी मी वही घेऊन गॅरेजवर गेलो. नानांनी हात धुतले, रुमालाला न पुसता हवेत झटकले आणि वही धरली. माझं अक्षर वाचायला त्यांना वेळ लागला. मला वाटलं होतं, ते चिडतील. चिडायला हवे होते.

“तुम्ही कापी टाकं,” ते म्हणाले.

“हो.”

“पन छापेल मी वाचं ना? पाच वर्षं भीतवर लायेल शे. रोज दिवा लावाना टाइमले दिखे. तरी नही दिखनं.” त्यांनी वही बंद करून माझ्या हातात दिली. “असं करा. तुम्ही तुमनी चूक छापा. मी मन्ही.”

मी दोन्ही चुका कागदावर लिहून संपादकांकडे नेल्या. त्यांनी वाचून कागद उलटा ठेवला. “आता तर अजिबात नाही,” ते म्हणाले. “आपलीच चूक होती, हे लेखी कोण देतं? उद्या त्या बाई नोटीस पाठवतील.” बाईंनी कुणालाही नोटीस पाठवलेली नाही. तो कागद मी परत मागून घेतला नाही.

वाट पाहून नानांनी स्वतःच सुरुवात केली. गॅरेजला कुलूप लावून ते दुपारनंतर बाहेर पडायचे. आपला सल्ला कुणी कुणी पाळला, याची यादी त्यांच्याकडे लिहिलेली नव्हती. डोक्यात होती, आणि माणसांची नव्हती, गाड्यांची होती. भुसावळ, रेल्वे क्वार्टरमागची पांढरी, गार्डसाहेबांची. पाचोऱ्याची लाल, मागचं दार दाबलेली. दारात उभं राहून एकच वाक्य म्हणायचे : “मी सांगितलं होतं ते चुकीचं होतं. टाकी रिकामी करून द्यायला आलो आहे.”

भुसावळच्या गार्डसाहेबांनी चहा दिला, टाकी रिकामी करून घेतली आणि त्यांना बसस्टँडपर्यंत सोडलं. असं सगळीकडे झालं नाही. आपण होऊन चूक कबूल करणारा माणूस दारात आला की लोकांना आधी संशय येतो, मग आठवणी येतात. पाचोऱ्याला कापसाच्या व्यापाऱ्यानं अंगणातच हिशोब मांडला.

“म्हणजे आजवर गाडीचं जे जे बिघडलं, ते तुमच्यामुळे?”

“टाकी आणि पंप, शेठ. तेवढं माझ्याकडे.”

“क्लच गेला होता दोन वर्षांमागे.”

“क्लचचा संबंध नाही.”

“एसी?”

“नाही, शेठ.”

“हॉर्न वाजत नाही चैत्रापासून.”

“हॉर्नपण माझाच का?”

“आता तुम्हीच कबूल करत सुटलात, तर मी कशाला सोडू?” व्यापारी म्हणाला, आणि ओट्यावरची चार माणसं हसली.

नानांनी हॉर्न दुरुस्त करून दिला. वायर उंदरानं कुरतडली होती. टाकी रिकामी करायला व्यापाऱ्यानं नकार दिला. हे मला नानांनीच सांगितलं, गंमत म्हणून. सांगताना ते हसले, आणि मध्येच थांबून म्हणाले, “चार मानसं व्हतात. बठ्ठा मन्हा गिऱ्हाईक.” सगळे त्यांचेच गिऱ्हाईक. ते चौघे पुन्हा गॅरेजवर आले नाहीत.

काढलेलं पेट्रोल ते कुणाला गटारात ओतू देत नसत. गटार कुठं जातं, असं विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे : धुळ्याचं पांझरा नदीला, पाचोऱ्याचं हिवरा नदीला. त्यामुळे ते सगळं पत्र्याच्या डब्यांत भरून गॅरेजवर आणायचे. सुटे भाग धुवायला वापरायचे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते स्कूटरवरून धुळ्याला बाईंकडे गेले. टाकी उतरवून घासायची होती. तळाचं उरलेलं पेट्रोल दोन डब्यांत भरलं, झाकणांना प्लॅस्टिक बांधलं, आणि दुपारी परत निघाले. पारोळ्याच्या अलीकडे नाकाबंदी होती. पोलिसांनी स्कूटर थांबवली.

पेट्रोल असं डब्यातून वाहून नेणं नियमाविरुद्ध आहे. पोलिसांचं चुकलं नाही, हे इथे नोंदवायला हवं. एका शिपायानं झाकण उघडून वास घेतला, आतला तांबूस, फाटलेला द्रव पाहिला आणि तो म्हणाला, “हे पेट्रोल नाही. भेसळ आहे.”

नानांनी सांगितलं, “साहेब, भेसळ नाही. आंबलंय.”

“काय झालंय?”

“आंबलंय.”

जबाबात तो शब्द आलेला नाही. पंचनाम्यात ‘भेसळयुक्त पेट्रोलसदृश द्रव, पत्र्याचे डबे दोन’ अशी नोंद आहे.

संध्याकाळी प्रेसनोट आली. ती माझ्याच टेबलावर आली. मी नाव वाचलं, वय वाचलं, गाव वाचलं. डबे कुठून आले, कशासाठी निघाले, हे मला माहीत होतं. पण ती माहिती मला आरोपीकडून मिळालेली होती. पोलिसांचा तिला दुजोरा नव्हता. दुजोरा नसलेली माहिती गुन्ह्याच्या बातमीत घ्यायची नाही, हा नियम आहे, आणि तो चांगला नियम आहे. मी प्रेसनोटमधला ‘भेसळयुक्त’ शब्द ‘कथित भेसळयुक्त’ असा केला. बातमी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर लागली. सात ओळी झाल्या.

बाई त्या आठवड्यात स्वतः ठाण्यात गेल्या. द्रव आपल्या गाडीच्या टाकीतला आहे, असं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, कालावधी घातला, तारीख घातली, पोच घेतली. त्या लेखी निवेदनाची प्रत त्यांनी आमच्याकडेही पाठवली. तपास चालू असताना एका बाजूचं निवेदन छापता येत नाही, असं त्यांना कळवण्यात आलं. कळवणारा मी नव्हतो.

गॅरेजच्या रांगेत नानांना ‘भेसळवाले नाना’ असं नाव पडायला फार दिवस लागले नाहीत. थट्टेनंच म्हणत, तोंडावर म्हणत. पण गाडी द्यायच्या वेळी लोकांना ती थट्टा आठवायची. गणपतीनंतर शेड बहुतेक दिवस बंद दिसू लागलं. दसऱ्याच्या आधी मला कळलं की ते शिरपूरला मुलीकडे चालले आहेत. मी गेलो तेव्हा ते हत्यारं गोणपाटात बांधत होते. भिंतीवर कात्रण नव्हतं. त्याच्या जागी फिकट चौकोन होता.

मी बोलायला सुरुवात केली. कथित हा शब्द मी घातला होता, वगैरे.

नानांनी गाठ मारली, दातानं आवळली. मग म्हणाले, “नाव, वय, गाव. बठ्ठं बरोबर छापं तुम्ही.”

मी जमिनीवर राहिलेला एक पाना उचलून त्यांच्या हातात दिला.

“त्या दिनले जागा भेटनी,” ते म्हणाले.

त्यानंतर माझी त्यांची भेट नाही. शिरपूरला ते गाडीला हात लावत नाहीत, असं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं. जावयाची गाडी आहे, तिचाही वास घेत नाहीत. तारखेला बोलावलं की बसनं पारोळ्याला येतात आणि त्याच दिवशी परत जातात. आजवर पाच वेळा आले आहेत.

या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी ठाण्यात चौकशी केली. द्रवाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवलेला आहे. अहवाल आलेला नाही. जप्त केलेला मुद्देमाल मागच्या आवारात, पत्र्याच्या आडोशाला ठेवलेला आहे. मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदारांनी मला तो दाखवला. एक डबा तळातून गंजून फुटला होता आणि त्यातलं सगळं जमिनीत जिरलं होतं. रिकामा पत्रा त्यांनी उचलून टाकला होता. पंचनाम्यात डबे दोन आहेत. आवारात एक आहे.